शर्वरीची प्रदक्षिणा

शर्वरी गेली, त्याच्या पुढच्याच हंगामात रजनीताईंनी तिला पुन्हा खेळताना पाहिलं.

सांगलीच्या त्या नव्या बंदिस्त मैदानात त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्समध्ये सकाळच्या पूजेतलं फूल. समोर मैदानावर जी मुलगी होती ती शर्वरीसारखी मुळीच नव्हती. बुटकी, सावळी, खांद्यांनी रुंद, केस पोरासारखे कापलेले. जत तालुक्यातली होती, सानिका हाक्के नावाची. तिला उजव्या कोपऱ्यात चेंडू मिळाला. तिने हनुवटी जराशी उजवीकडे कलवली, श्वास घेण्यापुरती थांबली, आणि मग तीन गुणांच्या कमानीच्या कडेकडेने, बास्केटला उजव्या हाताला ठेवत निघाली. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, जवळजवळ अर्धं वर्तुळ काढून ती डाव्या अंगाला पोचली आणि पाय हवेत असतानाच तिने चेंडू सोडला. जाळी नुसती थरारली.

"प्रदक्षिणा!" सगळं मैदान एका तोंडाने ओरडलं.

रजनीताईंचे हात आपोआप जोडले गेले. ती हनुवटी कलवणं, ते थांबणं, सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. "आली," एवढंच त्या म्हणाल्या. शेजारच्या बाईंना वाटलं, कुणाची तरी वाट बघत असतील.

रजनीताईंची लेक शर्वरी सगरे ही सांगलीच्या 'कृष्णाई' बास्केटबॉल संघाचा जीव की प्राण होती. तिच्या जाण्यानंतर काही महिन्यांनी संघाचा ओजस गुळवणी नावाचा तरुण सगऱ्यांच्या घरी आला होता. सामन्यांचं गणित मांडणं हे त्याचं काम. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो अवघडून बसला. लिंबाच्या सरबताचा पेला हातात तसाच धरून बोलत राहिला.

"काकू, चेंडू हातात आला की खेळाडूपुढे दर क्षणाला तीन वाटा असतात. टाकायचा, दुसरीला द्यायचा, की घेऊन पळायचं. कुठून टाकायचा, कुणाला द्यायचा, किती थांबायचं, ही निवड म्हणजेच खेळाडू. उंची आणि ताकद काय, पुष्कळ मुलींकडे असते."

"मग?"

"शर्वरीताईंची निवड आमच्याकडे आहे."

मैदानाच्या छताला कॅमेरे असत. दहा खेळाडू आणि एक चेंडू कुठल्या क्षणी कुठे होते हे ते अखंड टिपत. शर्वरीचा प्रत्येक सामना, प्रत्येक सराव यंत्राने पाहिला होता. दहा जणी अशा अशा उभ्या असताना तिने काय केलं, हे पुन्हा पुन्हा पाहून आता ती काय करील हे यंत्र आधीच सांगू शकत होतं, आणि सहसा चुकत नव्हतं. ही निवड दुसऱ्या मुलीच्या अंगात उतरवायची तर एक पातळ बंडी घालायची. बंडीत बरगड्यांपाशी, खांद्यांपाशी वाटाण्याएवढी बटणं. इकडे वळ म्हणून इथे दाब, थांब म्हणून तिथे दाब. सुरुवातीला कुणी ढोसल्यासारखं वाटतं. चार-सहा महिने सरावाचे गेले की मेंदू त्या दाबाची दखल घेणं सोडून देतो, आणि तो दाब त्या मुलीला आपलीच इच्छा वाटू लागतो.

"सायकलवर तोल जायला लागला की आपण सावरतो ना? तेव्हा कुणी सांगितलं असं वाटतं का? तसंच हे," ओजस म्हणाला. "ह्याला छाया म्हणतात. ह्या वर्षीपासून प्रत्येक संघाला एक छाया वापरायची परवानगी आहे. खेळाडू हयात नसेल तर आईवडिलांचा होकार लागतो. तोंडीच, पण दरवर्षी. आणि मनात येईल तेव्हा तुम्ही 'नको' म्हणू शकता."

"म्हणजे ती मुलगी शर्वरी होईल?"

"नाही काकू. मुलगी ती तीच. निवड तेवढी ताईंची."

विलासराव, शर्वरीचे वडील, इतका वेळ दाराशी उभे होते. त्यांचा हळदीचा व्यापार. तळहाताच्या रेघांतला पिवळा रंग आंघोळीनेही जात नसे. ते काही न बोलता चप्पल घालून गोदामाकडे निघून गेले.

रजनीताईंनी देवघराकडे एकदा बघितलं आणि होकार दिला.

त्या डौलदार चालीला 'प्रदक्षिणा' हे नाव पडलं त्याला रजनीताईच कारण होत्या.

गल्लीच्या टोकाला दत्ताचं लहानसं देऊळ आहे. पारावर औदुंबर आणि बुंध्याशी पादुका. रोज सकाळी प्रदक्षिणा घातल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही हा रजनीताईंचा लग्नाच्याही आधीपासूनचा नेम. लहानगी शर्वरी परकर सावरत बरोबर यायची आणि हटकून उलटी पळायची. मग रजनीताई तिला दंडाला धरून फिरवायच्या. "अगं, देव उजव्या हाताला ठेवायचा. उजव्या!"

मोठेपणी शर्वरीचा खेळही तसाच उलटसुलट होता. चेंडू हातात आला की ती टाकायचीच. डावीकडून, उजवीकडून, तिघी अंगावर असताना, एका पायावर. निकम सर, तिचे प्रशिक्षक, ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. "अगं, जरा बघून टाक! मैदान आहे ते, जत्रेतलं दुकान नाही!"

आणि मग शेवटच्या दोन वर्षांत ती बदलली. उधळपट्टी थांबली. बास्केटला उजवीकडे ठेवून ती कमानीने फिरू लागली आणि फिरता फिरता नेमकी फट दिसली की टाकू लागली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, शर्वरी सगरे आता खऱ्या अर्थाने पिकली. वाहिनीवरची एक मुलगी घरी मुलाखतीला आली, तेव्हा रजनीताई चहा देता देता सहज बोलून गेल्या, "आम्ही देवाला नेहमी उजव्या हाताला ठेवून फिरतो. तिला लहानपणापासून तेच वळण आहे."

शर्वरी खो खो हसली. "हो हो, आई म्हणते तसंच. बास्केट म्हणजे आमचा देवच!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून 'प्रदक्षिणा'. पुढे पुढे तर नगरपालिकेच्या मैदानावर चिमुरड्या पोरीही हनुवटी कलवून तशाच फिरायला लागल्या.

मुलाखतवाली गेल्यावर शर्वरी ओट्याशी येऊन म्हणाली होती, "चिडू नकोस गं हसले म्हणून. पण तिकडून खरंच बरं पडतं. उजवीकडे सगळं कसं उजेडात असतं."

हे वाक्य रजनीताईंनी प्रसादासारखं जपलं. गल्लीत अर्ध्या घरांना सांगितलं. अंगी बाणलेलं वळण असं ऐन वेळी उपयोगी पडतं, असंही वर म्हणाल्या.

मग एका सकाळी सरावात शर्वरीला झटका आला आणि ती कोसळली. आठवडाभरही ती राहिली नाही. डॉक्टर बरंच काही सांगत होते. डोक्याच्या मागच्या बाजूला गाठ, उजवीकडे, सावकाश वाढणारी, दोन वर्षं तरी असणार. रजनीताईंच्या मनात त्यातला एकच शब्द रुतून राहिला. उशीर.

सानिका खेळू लागल्यापासून त्यांनी नवा नेम धरला. सामन्याच्या दिवशी सामना संपेपर्यंत पाणी घ्यायचं नाही. आणि सामना संपला की सानिकाला घरचा डबा द्यायचा.

"काकू, सारखा सारखा डबा आनताय," सानिका झाकण उघडता उघडता म्हणायची. "मेसवाली बाई मला शिव्या देती आता."

"तिला म्हणावं, आमच्याकडे माणसं दोनच. उरतं."

"उरतं म्हनून देताय व्हय! मी आपली समजत हुते मायेनं."

रजनीताईंना हसू यायचं. शर्वरी गेल्यापासून त्यांना हसवणारी ही पहिलीच. सानिकाची आई जतला शेरडं राखायची. पोरगी महिना महिना घरी जायची नाही. तिला कुणीतरी हवंच होतं आणि रजनीताईंनाही हवं होतं. एकदा तिच्या मानेवरचा घाम टिपताना त्या बोलून गेल्या, "शरू, वाकू नकोस, उसण भरेल."

सानिका तशीच थांबली. मग हळूच म्हणाली, "काकू, मी सानिका."

"हो गं. जीभ वळते सवयीने."

पण जीभ पुन्हा पुन्हा वळत राहिली आणि सानिकाने सांगणं सोडून दिलं.

घरी विलासराव म्हणाले, "ती आपली नव्हे, रजनी."

"मला कळत नाही का?"

"कळतंय तर सामन्याच्या आदल्या संध्याकाळी शर्वरीची खोली का झाडून घेतेस?"

विलासराव एकदाही मैदानावर आले नव्हते. लेकीला एकदा पोचवून आलोय, पुन्हा पुन्हा नाही, असं ते म्हणाले होते.

उपांत्य सामना नागपूरच्या संघाशी होता. शेवटची काही मिनिटं उरली होती. सानिकाने उजव्या कोपऱ्यातून प्रदक्षिणा सुरू केली. लोक आधीच उभे राहिले. तेवढ्यात मध्यरेषेकडून, सानिकाच्या डाव्या अंगाने, नागपूरची एक उंच मुलगी झेपावत आली. तिसऱ्या रांगेतून रजनीताईंना ती स्पष्ट दिसली. सानिकानेही मान वळवून तिच्याकडे बघितलं. अगदी बघितलं. आणि तरीही थांबली नाही, चेंडू सोडला नाही, तशीच पुढे गेली. त्या मुलीचं कोपर सानिकाच्या डाव्या भुवईवर बसलं. आवाज वरपर्यंत आला.

सामना 'कृष्णाई'ने जिंकला. सानिका मात्र आतल्या खोलीत भुवईला टाके घालून पडली होती. रजनीताई डबा घेऊन गेल्या, तर पोरगी भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"फार दुखतंय का बाळ?"

"दुखण्याचं न्हाई ओ काकू." ती उठून बसली. "मला दिसत हुती ती. चांगली समोर दिसत हुती. मी म्हटलं मागं सरावं, आन् अंगच पुढं गेलं. माझं अंग, आन् माझं ऐकंना. ह्यो काय परकार हाय?"

"असं आधी कधी झालं होतं?"

"डावीकडनं कुनी आलं की हुतंच की. ही बघा." तिने बाही वर केली. डाव्या दंडावर काळेनिळे डाग होते, जुने, नवे, एकावर एक. "उजवीकडं एक न्हाई."

रजनीताई त्या डागांकडे बघत राहिल्या. असाच दंड. असेच डाग. विलासरावांच्या गोदामातली हळद तुपात कालवून त्यांनी किती वेळा लावली होती. आणि शर्वरी म्हणायची, "कशी येऊन आदळतात कळतच नाही गं, एकदम अंगावरच असतात."

डबा तिथेच ठेवून त्या ओजसच्या खोलीत गेल्या.

"ओजस, शर्वरी डावीकडे काय करायची?"

"डावीकडे म्हणजे काकू?"

"तिच्या डाव्या हाताला कुणी असलं की. मला तिचं सगळं दाखव. पहिल्यापासून."

ओजसने पडद्यावर एक वर्तुळ काढलं. मधोमध शर्वरी, तोंड वरच्या दिशेला. तिने ज्या ज्या बाजूला चेंडू दिला किंवा टाकला, त्या त्या बाजूला एक ठिपका. पहिल्या वर्षीचं वर्तुळ खसखस सांडल्यासारखं भरलेलं होतं, डावीउजवीकडे सारखंच. पुढच्या वर्षी डावीकडची खसखस कडेने विरळ झाली. त्याच्या पुढे आणखी. शेवटच्या काही महिन्यांत उरलं ते अर्धं वर्तुळ. डावा अर्धा भाग कोरा करकरीत.

"आम्ही ह्याला परिपक्वता म्हणत होतो," ओजस म्हणाला. त्याचा आवाज बोलता बोलता खाली गेला. "निवड कमी, अचूकपणा जास्त. छाया बनवताना मुद्दाम शेवटचीच दोन वर्षं घेतली. तीच सगळ्यात चांगली होती."

"डॉक्टर म्हणाले होते, गाठ दोन वर्षांची. डोक्याच्या मागे, उजवीकडे."

ओजसने पुन्हा त्या अर्ध्या वर्तुळाकडे पाहिलं. मग शाळेतल्या मुलाला समजवावं तसं, पण स्वतःलाच समजवल्यासारखं सांगू लागला. "काकू, नजर डोळ्यांत पुरी होत नाही. डोक्याच्या मागच्या भागात जुळते. तिथली उजवी जागा डावीकडचं जग बघते. ती जागा सावकाश दबत गेली तर माणसाला अंधार दिसत नाही, डागही दिसत नाही. आपल्या पाठीमागे आपल्याला काळोख दिसतो का? नाही. तिथे बघणंच नसतं. तसं तिचं डावीकडचं बघणंच नाहीसं होत गेलं असणार. आणि नाहीसं झालेलं कळायला..." तो थांबला. "तिला कळलंच नसेल. तिच्या अंगाने आपली वाट काढली. सगळा खेळ उजव्या हाताला ठेवला की काहीच कमी पडत नाही."

रजनीताईंना ताट आठवलं.

ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. कारळ्याची चटणी शर्वरीच्या जिवाची. आणि शेवटी शेवटी ती ताटात तशीच राहायची. एकदा त्या चिडल्या होत्या. "आवडीची म्हणून मुद्दाम केली, आणि बोटही लावत नाहीस?" शर्वरी म्हणाली, "अगं, वाढलीसच कुठे?" रजनीताईंना वाटलं, थट्टा करतेय. त्यांनी ताट गर्रकन फिरवलं आणि म्हणाल्या, "ही काय! डोळे फुटले का तुझे?"

शर्वरी चटणीकडे बघून नवलाने हसली होती. "खरंच की गं."

ओजसने खुर्ची पुढे केली. रजनीताई बसल्या नाहीत. भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या औदुंबरापाशी गेल्या. पारावर कुणी नव्हतं. प्रदक्षिणा घालताना त्यांनी डावा तळहात डाव्या डोळ्याच्या कडेशी भिंतीसारखा आडवा धरला. झाड होतं. पादुका होत्या. निरांजन होतं, कुणीतरी वाहिलेली तगरीची फुलं होती. काहीच गेलं नव्हतं. सगळं उजव्या हाताला, उजेडात होतं. इथे एखादी जन्मभर फिरली असती तरी तिला काही कमी पडलं नसतं.

मग त्या थांबल्या. हात तसाच धरून, आयुष्यात पहिल्यांदा, त्या वळल्या आणि उलट्या चालू लागल्या.

झाड नाहीसं झालं. पादुका नाहीशा झाल्या. देव डाव्या हाताला होता आणि तिथे काहीही नव्हतं. समोर नुसता रस्ता आणि दुधाची गाडी.

रजनीताई पाराच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. दोन वर्षं पोर डोळ्यांदेखत, हजारो माणसांच्या डोळ्यांदेखत, सांगत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्यांना नाव रजनीताईंनीच दिलं होतं.

अंतिम सामना रविवारी होता. त्याआधी संघाच्या कचेरीत रजनीताई निकम सरांसमोर बसल्या. ओजस होता, भुवईला पट्टी लावलेली सानिका होती. रजनीताईंनी सगळं सांगितलं, न रडता, सावकाश.

निकम सर ऐकून टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, एक सामना. रविवारपर्यंत थांबा. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं."

"सर, पोरीच्या भुवईऐवजी डोळ्यावर बसलं असतं तर?"

"खेळात लागतंच."

"दिसत असताना लागतं का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा लावला नाही. "मी पोरींना तिची चित्रफीत दाखवतो, वहिनी. आठ-आठ वर्षांच्या पोरींना. अशी निवड करा म्हणतो." त्यांचा बसका आवाज आणखी बसला. "मीच म्हणायचो ना तिला, बघून टाक, बघून टाक..."

रजनीताई सानिकाकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं आहे? तुझ्या अंगावरची बंडी आहे ती."

सानिका नखाने पट्टीची कड उकरत होती. "खरं सांगू काकू? मला भ्या वाटतंय. छाया काढली तर मी कोन? बाकावर बसनारी. पेपरात माझा फोटू येतो, खाली नाव मात्र ताईंचं असतं. पन फोटू तरी येतो. गावाकडं आई तो फोटू शेजारनीला दाखवती." ती थांबली. "आन् तुमी. छाया गेली की तुमी यायच्या न्हाईत. डबा बी न्हाई."

छाया गेली की काय उरेल, हे रजनीताई स्वतःला सकाळपासून विचारत होत्या. 'नको' म्हटलं की ती कलवलेली हनुवटी, तो श्वासापुरता थांबा, ह्या जगात पुन्हा कुठेही दिसणार नव्हता. फोटोत शर्वरी हसत होती, पण फोटो वळत नाही, पळत नाही. त्यांची लेक जिथे अजून हलत होती अशी ही एकच जागा उरली होती. आणि त्या जागी हलत होतं ते लेकीचं दुखणं होतं की लेक, हे आता कुणालाच वेगळं करून सांगता येणार नव्हतं.

"डबा येईल," त्या म्हणाल्या. मग ओजसकडे बघून, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझा होकार मी मागे घेते. नको."

ओजसने मान हलवली. यंत्र बंद करणं त्याला एका बोटाचं काम होतं, पण त्याचं बोट बराच वेळ तसंच राहिलं. "काकू," तो म्हणाला, "मी बाकीच्या मुलींची वर्तुळंही काढून बघणार आहे. सगळ्या संघांतल्या. कुणाचं काही कमी होत चाललंय का." रजनीताईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चांगलं काम होतं. पण शर्वरीला त्याचा काय उपयोग?

रविवारी विलासराव पहिल्यांदाच मैदानावर आले. "आज ती नाही ना?" त्यांनी दारात विचारलं. रजनीताईंनी मान हलवली. मग दोघं तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

सानिका वाईट खेळली. आपल्याच हातापायांची नव्याने ओळख करून घेत असल्यासारखी. चेंडू आला की बावरायची, चुकीच्या मुलीला द्यायची. मागे कुणीतरी ओरडलं, "अगं, काय झालं हिला? प्रदक्षिणा कर!" तरी शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ एका गुणाच्या अंतरावर आले, 'कृष्णाई' मागे, आणि चेंडू सानिकाच्या हातात. उजवा कोपरा. सगळं मैदान उभं राहिलं. "प्रदक्षिणा! प्रदक्षिणा!"

सानिकाने हनुवटी कलवली नाही. डोकं खाली घातलं, बैलासारखं, आणि तळरेषेच्या बाजूने, बास्केटला डाव्या हाताला ठेवत थेट आत घुसली. डावीकडून दोघी आल्या. तिने त्यांना पाहिलं आणि झुकांडी दिली. चेंडू सोडला. चेंडू कड्यावर बसला, एकदा फिरला, आणि बाहेर पडला.

मैदान एकदम शांत झालं. रजनीताई सगळीकडे बघत होत्या. ह्या टोकाला, त्या टोकाला, बाकावर. शर्वरी कुठेच नव्हती. त्यांचा हात शेजारी चाचपडत गेला आणि विलासरावांचा खरखरीत तळहात त्यांना सापडला.

"पाणी पी," विलासराव म्हणाले. "संपला सामना."

घेतलेला नेम नुसता सोडता येत नाही. त्याचं उद्यापन करावं लागतं, तेव्हाच तो देवाला पोचतो. पुढच्या गुरुवारी रजनीताईंनी उद्यापन मांडलं. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि कुमारिका म्हणून सानिकाला जेवायला बोलावलं.

ती आली ती नवा कुडता घालून, टाक्यांवर पावडर लावून. पाटावर बसताना गुडघे कुठे ठेवावेत कळेना. "काकू, तुमच्यात लई रीतभात असती. चुकलं तर सांगा."

"काही चुकत नाही. जेव पोटभर."

रजनीताईंनी तिचे पाय धुतले, कुंकू लावलं. विलासरावांनी स्वतः ताट वाढलं. उजवीकडे भाजी, कटाची आमटी. मधे पोळी, वर तुपाची धार. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, कोशिंबीर. आणि कारळ्याची चटणी. ती वाढताना त्यांचा हात क्षणभर थांबला. शर्वरी गेल्यापासून ह्या घरात ती चटणी कुणी कुटली नव्हती.

रजनीताई समोर बसल्या. ताटाकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्या ताटाकडेच बघत होत्या.

सानिकाने हात जोडले. पुटपुटली. मग तिचा हात ताटावर आला, पोळी ओलांडून सरळ डावीकडे गेला, आणि चटणीची चिमूट उचलून तिने जिभेवर ठेवली.

"आई शप्पत," ती म्हणाली. "काकू, ही काय चटनी हाय! आमच्या आईसारखीच की. अजून हाय का, का एवढीच केलीया?"

विलासरावांनी तोंड फिरवलं आणि ते खिडकीतून गोदामाकडे बघत राहिले. बाहेर गल्लीतल्या पोरी लिंबाच्या झाडाला बांधलेल्या कड्याभोवती चेंडू घेऊन फिरत होत्या, हनुवट्या कलवून, उजवीकडून.

शेवटी रजनीताईच उठल्या. आतून चटणीची वाटी आणली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी त्यांनी वाटी ताटावर धरली आणि डाव्या बाजूला, मिठाच्या शेजारी, सगळीच्या सगळी रिकामी केली.

"घे, सानिका," त्या म्हणाल्या.